दसऱ्याला बंद केलेलं मशीन

हॉस्पिटलात सुमनच्या खाटेशेजारच्या मशीनवर हिरवी लाइट लुकलुकत होती. आतलं काम नीट चाललंय की बिघडलंय... नर्सला विचारलं तर म्हणाली, "काका, बाहेर बसा." असलं काही मी सुमनलाच विचारायचो. बाहेर बसलो, तिथेच सांगितलं, गेली म्हणून. महिना होत आला.

मी डोंबिवलीचा रिक्षावाला, चौथी शिकलेला. बायको माझी, सुमन, कॉम्प्युटरवाली. कल्याणच्या एका रक्तपेढीचा सर्व्हर ती सांभाळायची. कुठलं रक्त तपासून चांगलं निघालं, कुठलं फेकायचं, सगळं त्यात. एका दसऱ्याला संध्याकाळी तिथल्या पाटकरांचा फोन. कोणी कामावर बसलेलं नाही, तरी डिस्कची लाइट थांबत नाही. कोणीतरी आत शिरून सगळं पुसतंय, मी वायर उपटतो.

"हात लावू नका, मी येते," सुमन म्हणाली. रिक्षा काढली.  पत्रीपुलावर म्हणाली, "अहो, खराब पिशवी चांगली म्हणून गेली तर..." पुढचं ऐकायला मीच घाबरलो.

तिने आधी इंटरनेटची वायर काढायला लावली. लाइट तशीच लुकलुकत राहिली. म्हणजे बाहेरचा कोणी नाही. मग आत बघितलं, कोणाचंच काम चालू नव्हतं. पाटकर दारात घाम पुसत उभे. शेवटी तिला दिसलं, मशीन दुपारीच नव्याने सुरू झालेलं.

"पाटकर, हे बंद कोणी केलं?"

"पूजेला, बाई. चालू मशीनला हळदकुंकू कसं लावायचं? बटण दाबून धरलं."

"आणि मला फोन?"

"तुम्ही श्रीखंडात असाल म्हटलं."

सर्व्हरवर झेंडूची माळ होती. ती हसली नाही. म्हणाली, "प्रत्येक नोंद दोन डिस्कवर लिहिलेली असते. मध्येच बंद पडलं म्हणून मशीन आता एकावरचं दुसऱ्याशी जुळवत बसलंय. परत झटक्यात बंद केलं असतं तर काय उरलं असतं, मलाही सांगता येत नाही." लाइट शांत होईपर्यंत आम्ही तिघं तिथेच बसलो. मग तिने नोंदी तपासल्या. सगळ्या जागेवर होत्या. 

आता तिचा मोबाईल घरात चार्जिंगला असतो. मधूनच आपोआप उजळतो, काहीतरी करतो, विझतो. मुलगा म्हणाला, "बाबा, बंद करून टाकू या."

म्हटलं, राहू दे रे. आत काय चाललंय ते मला कळत नाही... आणि सांगणारी आता नाही.