नाताळच्या दिवशी आलेली तिथ

“चुकलं माझं. दुसरा हात द्या.”

सिस्टरची आणि माझी ओळख या वाक्याने झाली. मला टायफॉइड झाला होता, सलाईन लावायचं होतं आणि त्यांची सुई पहिल्या खेपेला शिरेत गेली नाही. तुम्हीही कधी ना कधी दवाखान्यात असा हात पुढे करून पडला असाल. अशा वेळी दोष कुणाचा असतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. शीरच सापडत नाही, हातच बारीक, पेशंटच हलतो. ‘चुकलं माझं’ म्हणणारी नर्स मी त्याआधी पाहिली नव्हती. नंतरही पाहिली नाही.

पुढे त्याच सिस्टर आमच्या शेजारी नांदायला येतील, असं मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर तापात बडबडतोय असं मी त्यालाच म्हटलं असतं.

भोकरदनला आमच्या भिंतीला भिंत लागून सर राहतात. शाळेतून रिटायर झालेले. बायको जाऊन चार वर्षं झालेली, एकुलती एक मुलगी मनीषा संभाजीनगरला दिलेली. सरांच्या पायाला जखम झाली म्हणून ते ड्रेसिंगला दवाखान्यात जाऊ लागले. जखम भरली तरी जात राहिले, तेव्हा गल्लीतल्या आम्हा बायकांना काय ते कळलं. सर साठी ओलांडलेले, सिस्टर सत्तावन्नच्या, जन्मभर बिनलग्नाच्या आणि वर ख्रिश्चन. जालन्याला जाऊन दोघांनी रजिस्टर लग्न केलं. गल्लीला महिनाभर दुसरा विषय नव्हता. मीही तोंडसुख घेतलं, खोटं कशाला सांगू?

मनीषा लग्नाला आली नाही. नंतरही आली नाही. वडिलांना फोन करायची, तब्येत विचारायची आणि ठेवून द्यायची.

सिस्टर सामान घेऊन आल्या आणि त्या घरात सगळंच दोन-दोन झालं. दोन कुकर, दोन मिक्सर, दोन पोळपाट. सर माळकरी, म्हणून सिस्टरनी आपली शेगडी मागच्या पडवीत मांडली. अंड्याचं, मटणाचं काय ते तिकडे. सरांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता, हेही सांगायला हवं.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी गहू उन्हात घालायला कोठी उपसली, तर तळाशी साडीत गुंडाळलेला मनीषाच्या आईचा फोटो निघाला. नवी बायको यायची म्हणून सरांनी लपवून ठेवला होता. सिस्टरनी तो पुसला आणि माझ्याकडे हातोडी मागायला आल्या. “सरांना वाटलं मला राग येईल,” त्या हसून म्हणाल्या. “चाळीस वर्षं शिकवलं, पर अक्कल न्हाई आली माणसाला.” फोटो बैठकीत होता तिथेच पुन्हा लागला.

मग डिसेंबर आला. एक दिवस त्या कुंपणापाशी आल्या, हाताला करंज्यांचं पीठ तसंच.

“ताई, मनीषाच्या आईची तिथ बराबर नाताळच्या दिवशी आली. सर म्हणून राह्यले, यंदा राहू देऊ. मी म्हणलं, बिलकुल न्हाई. मनीषाला फोन करा म्हणलं. ती म्हणली, आईसाठी येते.” एवढं बोलून त्या थांबल्या. “तिथीला काय काय करतात, मला ठाऊक न्हाई. सांगा.”

त्या मुलीने एकदा घरात पाऊल टाकावं, यासाठी त्या किती झुरत होत्या ते मला त्या दिवशी कळलं. नाताळची सकाळची उपासना त्यांनी जन्मात चुकवली नव्हती. यंदा स्वयंपाक लवकर उरकून, नैवेद्य मनीषाच्या हवाली करून दहाला चर्चमध्ये पोचायचं, असा त्यांनी बेत केला.

मी सगळं सांगितलं. पुरण, कढी, भजी, गव्हल्यांची खीर. कांदा-लसूण नको. मनीषाची आई अहेवपणी गेलेली, म्हणून तिच्या नावाने एका सवाष्णीला पाटावर बसवून जेवू घालायचं आणि ओटी भरायची. ती सवाष्ण दरवर्षी मीच असायची. एवढं सगळं सांगितलं, आणि त्या दिवशी दारात रांगोळी काढत नाहीत, हे तेवढं सांगायचं विसरले. वर कडी म्हणजे सकाळी सिस्टर रांगोळी मागायला आल्या, तेव्हा मी कामाच्या नादात डबाच उचलून त्यांच्या हातात दिला.

साडेनऊला मनीषा रिक्षातून उतरली. मी तयार होऊन ओसरीत उभी होते. सिस्टरनी दाराबाहेर नाताळची कागदाची मोठी चांदणी लावली होती आणि खाली, लेक येणार म्हणून, हातभर रांगोळी घातली होती. कमळं, पावलं, रंग भरलेली. मनीषा रांगोळीपाशी थांबली. तिचा चेहरा पाहिला आणि काय सांगायचं राहिलं, ते मला आठवलं.

“आईच्या तिथीला रांगोळी?” ती म्हणाली. “इतका आनंद झाला का?”

सर काहीतरी बोलायला गेले. सिस्टरनी त्यांना हातानेच थांबवलं.

“चुकलं माझं,” त्या म्हणाल्या. “तू येणार म्हणून काढली गं. मला ठाऊक नव्हतं.”

डबा कुणी दिला, हे त्या सांगू शकल्या असत्या. मी चार हातांवर उभी होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आणि मी? मी गप्प राहिले. आजही आठवलं की माझी मान खाली जाते.

सिस्टर ओलं फडकं घेऊन आल्या. गुडघे धरलेले, तरी तशाच खाली बसल्या आणि रांगोळी पुसू लागल्या. नाताळची कोरी साडी रंगाने भरली. अर्धी पुसून झाल्यावर त्यांनी वर पाहिलं. “चांदणी बी काढू का?”

मनीषाने एकदा चांदणीकडे पाहिलं. मग तिने पर्स सरांच्या हातात दिली, कोपऱ्यातली बादली उचलली आणि उरलेल्या रांगोळीवर पाणी ओतलं.

“राहू द्या चांदणी,” ती म्हणाली. “उठा तुम्ही. गुडघे दुखतील.” आणि ती आत गेली.

दोघींनी मिळून पोळ्या लाटल्या. दहा वाजले, साडेदहा झाले. सिस्टर चर्चचं नावही काढेनात. नैवेद्य दाखवून झाला, पाट मांडला गेला आणि मी सवयीने पुढे झाले.

“काकू, रागवू नका,” मनीषा म्हणाली. “यंदा मावशीला बसवते.”

मावशी कोण, हे क्षणभर आम्हा कुणालाच कळलं नाही. सिस्टरना तर सगळ्यात उशिरा कळलं. त्या पाटावर बसल्या. मनीषा करंडा घेऊन समोर बसली, बोटावर कुंकू घेतलं आणि तिचा हात मध्येच थांबला. सिस्टर कुंकू लावत नाहीत.

“कपाळावर न्हाई जमायचं मला, बाई,” सिस्टर हळूच म्हणाल्या. “खोटं होईल ते.” मग त्यांनी उजवा हात पुढे केला, बांगडी वर सारली. “इथं लाव. तुझ्या आईचं हाय, नको कसं म्हणू?”

मनीषाने मनगटावर कुंकू लावलं. ओटी भरली. जेवणाआधी सिस्टरनी डोळे मिटून आपली प्रार्थना म्हटली आणि तिच्यात मनीषाच्या आईचं नाव घेतलं. सरांनी तोंडाला उपरणं लावलं. मी साठीच्या घरात आलेली बाई, किती लग्नं, बारशी, मयती पाहिल्या. पण त्या स्वयंपाकघरात आपोआप माझे हात जोडले गेले. कुणाला जोडले, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

संध्याकाळी चर्चची माणसं आली. उपासना कधी न चुकवणारी बाई दिसली नाही, म्हणून काळजीने पेटी-तबला घेऊनच आली. चांदणीखाली सतरंजी अंथरली, पेटी सिस्टरपुढे सरकवली. मनीषाचा मुक्काम ठरला होता. ती ताटात करंज्या आणि पुरणपोळ्या घेऊन सगळ्यांपुढे फिरत होती. सिस्टरचा हात पट्ट्यांवरून भराभर जात होता, आणि दिवसभर त्यांनी जपून ठेवलेलं मनगटावरचं कुंकू चर्चच्या सगळ्या माणसांना दिसत होतं.