दानेश्वरीचा मंगळवार

सोलापूरच्या शेळगीत आमच्या घराला लागून जे घर आहे, त्या घरात दानेश्वरी सून म्हणून आली त्याला बरीच वर्षं झाली. मधली भिंत एकच. त्यांच्याकडं वाटी पडली तरी आमच्याकडं ऐकू येतं, आणि भांडण झालं तर शब्द न् शब्द कळतो. भांडण जास्त तापलं की ती माणसं कन्नडात जातात. इतकी वर्षं शेजारी राहून मला कन्नडही कळायला लागलंय, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

दानेश्वरी मैंदर्गीची. वडिलांचं बाजारात मिरची-मसाल्याचं दुकान. आई लवकर गेली, त्यामुळं वडील आणि भाऊ यांच्या भाकरी हिच्याच गळ्यात आल्या. परातीपुढं बसली की तोंड दिसायचं नाही, इतक्या लहानपणी ती भाकरी थापायला शिकली. बारावीपर्यंत शाळा झाली, लग्न झालं, आणि परात तीच राहिली, फक्त गाव बदललं.

गोड सून म्हणून तिचं वर्णन मी करणार नाही. तशी ती नाही. कमी बोलते आणि बोलली की समोरच्याला लागेल असंच बोलते. झालेलं काही विसरत नाही. गल्लीत तिची मैत्रीण अशी कुणी नाही. मला काकू म्हणते, पण कधी गळ्यात पडून रडली नाही. एकदा मात्र कपडे वाळत घालताना सहज म्हणाली, "काकू, मला आठवतंय तसं मी गरम जेवलेलीच न्हाय."

मी म्हटलं, असं कसं होईल? तर म्हणाली, "तुमीच बघा की."

मी बघितलं. ती गणवेश शिवायच्या कारखान्यात मशीनवर बसते. दिवसभर शिवून संध्याकाळी घरी येते आणि हातपाय धुऊन थेट तव्यापुढं. त्यांच्याकडं भाकरी करून दुरडीत ठेवत नाहीत. माणूस पानावर बसलं की तव्यावरची फुगलेली भाकरी वाफेसकट पानात पडली पाहिजे. सासरे मल्लप्पा, नवरा श्रीशैल, दीर गुरुशांत हे तिघं आपापल्या वेळी येऊन बसतात. श्रीशैल चिंचोळी एमआयडीसीतून येतो, तो गाडी मिळेल तसा. गुरुशांत मोबाईल दुरुस्तीचं दुकान बंद करून मनाला येईल तेव्हा. तोवर तवा चालूच. सगळे उठले की परातीत उरल्या पिठाची एक बारकी भाकरी ही स्वतःला करते, आणि तोपर्यंत आमटीवर साय धरलेली असते.

सासू शांतम्मा, ज्यांना ती कन्नड रीतीनं अत्ती म्हणते, शेजारी खुर्ची टाकून बसतात. एके काळी त्यांच्या हातची भाकरी सगळ्या शेळगीत नावाजलेली होती, कागदासारखी पातळ. सून आल्या दिवशी त्यांनी परात तिच्याकडं सरकवली आणि परत हात लावला नाही. पण नजर तव्यावरून हलली नाही. "ती फुगली न्हाय. ती माज्या पानात नको." हे वाक्य मी भिंतीपलीकडून इतक्या वेळा ऐकलंय की आमच्याकडं भाकरी फुगली नाही तर मीच मनात म्हणते.

तर या दानेश्वरीनं पाव भाजायचं मनावर घेतलं. कारखान्यात तिच्या शेजारच्या मशीनवर हुस्ना बसते. तिच्या वडिलांची विजापूर वेशीत पावाची भट्टी आहे. हुस्नानं सांगितलं, रविवारी एकदा भाजून ठेवला की मंगळवार-गुरुवारपर्यंत चालतो, उसळ केली की जेवण झालं. हे दानेश्वरीच्या डोक्यात बसलं. मंगळवार आणि गुरुवार तवा नाही, सगळ्यांनी एकदम बसायचं, आणि तिनंही. तिला पावाची हौस नव्हती. तिला बसायचं होतं.

तिनं आठवड्याच्या संध्याकाळचं जेवण एका कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवलं. मी तेव्हा तिथंच होते. मल्लप्पांनी चष्मा लावून एसटीचं वेळापत्रक वाचावं तसं वाचलं, "सोमवार, भाकरी, पालक. मंगळवार, पाव, मटकीची उसळ. बुधवार, भाकरी, आमटी. गुरुवार, पाव, शेंगदाण्याची आमटी." मग म्हणाले, "रविवारची गाडी न्हाय काय?"

श्रीशैल हसला. शांतम्मा हसल्या नाहीत. "या घरात सांजचं काय शिजायचं ते भिताडावर चिकटवायला लागलं व्हय आता?"

"भिताडावर न्हाय, फ्रिजवर," दानेश्वरी म्हणाली. "आणि रोज मला इचारण्यापरास वाचलेलं बरं."

"मी इचारत न्हाय. मी सांगती."

"म्हणूनच लिवलं."

पहिले काही रविवार वाईट गेले. घरात भट्टी नाही, ओव्हन नाही. तिनं जुन्या जाड पातेल्यात मिठाचा थर दिला, वर जाळी ठेवली, झाकणावर वरवंटा ठेवला आणि गॅसवर चढवलं. मोबाईलवरच्या बाईनं पीठ दोन तास झाकून ठेवायला सांगितलं होतं. ती बाई कुठल्या थंड गावची होती देव जाणे. सोलापुरात एप्रिलमध्ये दोन तासांत त्या पिठानं फुगून झाकण उचललं, मग खाली बसलं आणि ताकासारखं आंबट झालं. तसंच भाजलं, तर वीट निघाली. गुरुशांतनं ती टेबलावर वाजवून बघितली.

"वैनी, मागची संडासाची भिंत अर्धी राहिलीय. आणखी किती निघतील अशा?"

"तुमच्या डोस्क्यावर एक बसंल एवढी हाय," दानेश्वरी म्हणाली आणि वीट उचलून घेतली.

पुढच्या रविवारी तिनं पीठ थोडाच वेळ ठेवलं. अंघोळ करून येते तर पातेलं घासून पालथं. शांतम्मांनी पीठ मोरीत ओतलं होतं.

"फसफसलं होतं ते. नासलं म्हणून टाकलं."

"फसफसायलाच ठेवलं होतं अत्ती."

"मला काय म्हाईत. आमच्याकडं फसफसलेलं टाकत्यात."

त्यांना माहीत होतं. गुरुशांतनं आदल्याच दिवशी मोबाईलवर वाचून दाखवलं होतं की यीस्ट म्हणजे जिवंत असतं. तेवढं शांतम्मांना पुरलं. आपल्यात अंडं चालत नाही, मग जिवंत वस्तू पिठात मळून भाजायची म्हणजे काय, असं त्या मला दारात उभं करून विचारत होत्या.

"दह्यातबी असतंय की ते," आतून दानेश्वरी म्हणाली.

"दही गाईचं असतंय."

"आणि ह्यो पाव काय वाघाचा हाय?"

"शिळं असतंय ते. रविवारचं मंगळवारी कोण खातंय?"

"तुमची कडक भाकरी महिनाभर डब्यात असती. पुण्याच्या पाव्हण्यांना तीच पाठवता की."

यावर शांतम्मा कन्नडात गेल्या. जे बोलल्या त्यात दानेश्वरीचं माहेर होतं, तिची मेलेली आईही होती. आई मेली म्हणून वळण लागायचं राहिलं, असं काहीतरी. ते मी इथं लिहीत नाही.  दानेश्वरी कांदा चिरत होती, चिरत राहिली.

मे महिन्यात तिला पाव जमला. पीठ किती फुगलं की उचलायचं, ते ती आता घड्याळावर नाही, बोटानं दाबून बघायला शिकली होती. लांबोडा, वरून तांबूस, कापला की आत मऊ. मला दोन काप दिले. चहाबरोबर खाल्ले. चांगले होते, खोटं कशाला सांगू.

पण पाव जमून तिचं काही भागलं नाही. मंगळवारी सगळ्यांच्या पानात पाव आणि उसळ वाढली की शांतम्मा ताट सरकवायच्या. "मला भाकरी." एकीसाठी का होईना तवा चढायचाच. भाकरी फुगून त्यांच्या पानात पडली की वास सुटायचा, आणि श्रीशैल म्हणायचा, "चढवलाच आहेस तर मलापण एक." मग गुरुशांतला अर्धी. म्हणजे रविवारची सकाळ पाव भाजण्यात गेली ती गेलीच, आणि मंगळवारी ही तव्यापुढं उभी ती उभीच. शांतम्मांना हे कळत होतं. त्या सावकाश जेवायच्या.

आता त्यांच्याकडची एक रीत सांगायला हवी. शांतम्मा गळ्यात लिंग धारण करतात. रोज संध्याकाळी अंघोळ करून, विभूती लावून, लिंग तळहातावर घेऊन पूजेला बसतात. वाढलेलं ताट झाकून शेजारी ठेवायचं. पूजा संपली की ताट लिंगाला दाखवायचं, मग तो प्रसाद. प्रसादातलं काहीही पानात सोडायचं नाही. जेवण झालं की ताटात पाणी ओतून, बोटानं फिरवून, तेही प्यायचं. शांतम्मा हे कडक पाळतात, आणि मला त्यांचं तेवढं एक मनापासून आवडतं. कितीही भांडण झालं तरी त्यांच्या ताटात शीत राहिलेलं मी बघितलं नाही.

त्या मंगळवारी मी कढीपत्ता द्यायला गेले होते. शांतम्मा डोळे मिटून पूजेत. दानेश्वरी ताट झाकून घेऊन आली, त्यांच्या शेजारी ठेवलं आणि मला बघून न बघितल्यासारखं करून आत गेली. आतला गॅस बंद होता. तवा खिळ्याला टांगलेला. ते मला तेव्हाच दिसायला हवं होतं.

पूजा संपली. शांतम्मांनी ताट उचलून लिंगाला दाखवलं, पुटपुटल्या, लिंग वस्त्रात बांधून गळ्यात घातलं, आणि झाकण काढलं. पावाचे चार काप, मटकीची उसळ, बाजूला शेंगाचटणी.

श्रीशैल पानावर बसलेला होता. त्यानं घास खाली ठेवला.  शांतम्मांनी स्वयंपाकघराकडं बघितलं. दानेश्वरी दारात उभी होती, चौकटीला हात लावून. ती सरळ त्यांच्याकडं बघत होती.

शांतम्मा जेवायला लागल्या. एक एक काप तोडून, उसळीत बुडवून. घाई केली नाही. पावाचा चुरा जमिनीवर सांडला होता, तो ओल्या बोटानं टिपून तोंडात घातला. चारही काप संपले. मग ताटात पाणी ओतलं, फिरवलं, प्यायल्या.

"साकु," म्हणाल्या. पुरे. आणि मग मराठीत, म्हणजे मलाही कळावं म्हणून, "आजपासनं माजं ताट हिनं वाढायचं न्हाय."

दुसऱ्या दिवशी मी दानेश्वरीला विचारलं, चुकून झालं का गं?

"मुद्दामच घातला."

मला ते पटलं नाही, आणि मी तसं तोंडावर सांगितलं. भांडण तुमचं, त्यात देवाला मधे ओढायचं नाही.

"काकू, देव पयल्यापासनं मधीच हाय," ती म्हणाली. "मी उपाशी हुबं राहून केलेली भाकरी रोज त्याला दाखवत होत्या. त्या येळी कुणाला काय वाटलं न्हाय."

 मी घरी आले आणि देवापुढं दिवा लावला.

शांतम्मांनी शब्द पाळला. त्यांनी स्वतःची परात काढली आणि ओट्याच्या दुसऱ्या टोकाला गॅसची छोटी शेगडी मांडली. आता रोज आपल्यापुरतं करून घेतात. श्रीशैल बायकोवर चिडला. या वयात आईला तव्यापुढं उभं केलंस म्हणाला. दानेश्वरीनं विचारलं, "मला कुठल्या वयात हुबं केलं होतं?" तो बाहेर निघून गेला.

मल्लप्पांनी एकदा मध्यस्थी करून बघितली. सासूची मनगटं दुखतात, तू मंगळवारचं सोड, ती तुझ्या हातचं घेईल, म्हणाले. दानेश्वरी म्हणाली, "मामा, सोमवार, बुधवार, शुक्रवार मी कधी न्हाय म्हणलं का? शनवार-रविवारबी करते. मंगळवार-गुरुवार मी बसणार." मल्लप्पा तो निरोप घेऊन गेले आणि दुसरा निरोप घेऊन आले नाहीत.

कालच्या मंगळवारी मी विरजण मागायला गेले होते. ओट्याच्या एका टोकाला शांतम्मा आता तिघांच्याही भाकरी थापत होत्या. दर चार थापांनी थांबून मनगट दाबत होत्या. तिघं पुरुष त्यांच्याकडं तोंड करून बसलेले, पानात वाफाळत्या भाकरी. खोलीच्या दुसऱ्या बाजूला पाटावर दानेश्वरी एकटी. पुढं पाव आणि उसळ.  विरजण मला दानेश्वरीनं बसूनच दिलं, हात लांब करून.

श्रीशैलची भाकरी संपली होती आणि पुढची तव्यावर होती. त्यानं सवयीनं बायकोच्या ताटाकडं हात केला. पावाच्या तुकड्याला बोट लागलं असेल नसेल.

"श्रीशैल," शांतम्मा पाठ न वळवता म्हणाल्या, "भाकरी व्हायलीय."

त्यानं हात मागं घेतला. दानेश्वरीनं तो तुकडा उचलला, उसळीत बुडवला आणि खाल्ला. मग वाटी उचलून उसळीचा उरलेला रस्सा प्यायली. गरम होता, तिनं मधे थांबून फुंकर घातली.