'काळी' म्हणजे नमस्कार

रेडीतल्या आमच्या घरामागच्या दोन खोल्या आम्ही पर्यटकांना देतो. मी हायस्कुलात तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, त्यामुळे परदेशी पाहुणा आला की बोलायचं काम माझं आणि मासे तळायचं सासूबाईंचं. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात एका बाईंचा फोन आला. अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या निवृत्त शिक्षिका, वय एकाहत्तर. खोली ठरली, आणि मग त्या म्हणाल्या, "आधीच सांगते, मी कृष्णवर्णीय आहे. गेल्या आठवड्यात एका हॉटेलात माझं तोंड बघितल्यावर सगळ्या खोल्या अचानक भरल्या. तुमच्याकडे तशी अडचण नाही ना?"

"छे छे," मी म्हटलं, "आमच्याकडे असलं काही नसतं."

हे छातीठोक सांगणारी मी स्वतः तव्याच्या पाठीसारखी काळी. लग्न जमवताना स्टुडिओवाल्याने फोटोसाठी माझ्या तोंडावर इतकी पावडर थापली होती, की प्रत्यक्ष बघायला आल्यावर सासूबाईंनी माझ्या मागे फोटोतली मुलगी शोधत पहिला प्रश्न विचारला, "फोटोतलां चेडू खंय आसा?"

पाहुणी गोव्याहून बसने बांद्याला उतरली आणि रिक्षाने आली. सासूबाई दारापुढच्या खळ्यात सुकी मासळी राखत बसल्या होत्या. पाहुणी रिक्षातून उतरली मात्र, त्या आनंदाने ओरडल्या, "गो, ही तुझ्यापेक्षाय काळी आसा!"

"काय म्हणाल्या?" पाहुणीने हसून विचारलं.

"तुमचं स्वागत आहे म्हणाल्या."

पण शिक्षिकेचे कान ते. "काळी," ती म्हणाली. "बांद्यापासून हाच शब्द ऐकतेय. बसस्टँडवर दोघी बायका, मग चहाच्या टपरीवर सगळेच. हा तुमचा नमस्कार का?"

खरं सांगायला तोंड उघडलं, पण ती इतक्या प्रेमाने बघत होती. "हो," मी म्हटलं, "तसंच काहीसं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती फिरायला गेली. वाटेत पहिली भेटली आमची शेजारीण. ही बाई वीस वर्षं गोरं होण्याचं क्रीम लावते आणि दूध आणायलाही छत्री घेऊन जाते. पाहुणीने हात जोडले, "काळी!" शेजारीण जागीच थिजली. तिला ऐकू आलं नसावं असं समजून पाहुणी जरा मोठ्याने म्हणाली, "काळी!" पुढे तिच्या सुनेला, मग मासेवालीला, मग देवळाच्या पुजाऱ्याला.

दहाच्या सुमारास शेजारीण आमच्या दारात हजर. "तुमची पाव्हणी माका काळी म्हणता! ती! माका!"

सासूबाई इतक्या हसल्या की कवळी काढून हातात धरावी लागली. मला मात्र पाहुणीपुढे कबूल करावंच लागलं.

ती म्हणाली, "म्हणजे काल मला सगळे... आणि आज मी त्या पुजाऱ्याला..." आणि तीही हसू लागली. चष्मा काढून डोळे पुसले. मग एकदम हसू थांबवून म्हणाली, "माझ्या आजीला तोंडावर जे म्हणत, त्याचा अर्थ कोणी लपवत नसे. तुम्ही लपवलात, तेवढी प्रगती म्हणायची."

दुपारी पडवीत चहा पिताना सासूबाईंनी तिला आजीबद्दल खोदून खोदून विचारलं. आमच्याकडे काजू सोलायला येणारी बाई पायरीवर बसून ऐकत होती. मी या वेळी शब्द न् शब्द खरा सांगत होते.

पाहुणी म्हणाली, "आजीच्या वेळी गोऱ्यांचा नळ वेगळा, आमचा वेगळा, वर पाट्या. आईच्या वेळी कायदा आला, पाट्या उतरल्या. आई मुद्दाम उपाहारगृहात गेली. मालकाने कॉफी दिली, आणि तिची पिऊन झाल्यावर तिच्यासमोर कप आपटून फोडला. मी शाळेत नोकरीला लागले तेव्हा बऱ्याच पालकांनी मुलांचे वर्ग बदलून घेतले, कारण विचारलं तर म्हणत, खिडकीतून ऊन येतं. आता कोणी काही म्हणतच नाही. दुकानात शिरले की रखवालदार मागे मागे फिरतो, एवढंच. पण पोलिसाने गाडी थांबवली तर हात कुठे ठेवायचे, हे नातवाला आम्ही गाडीची किल्ली देण्याआधी शिकवलं."

सासूबाई विचारात पडल्या. "त्या दोन नळांका पाणी खंयसून येय?"

"एकाच पाइपातून."

"पाइप एकच?" सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "मगे गाढवच ते!"

पायरीवरून आवाज आला. "आमच्या हयसरय चायेचो टोप एकच आसा."

काजूवाली बाई हे शांतपणे बोलली. तिच्या हातात कागदी कप होता. आम्हा तिघींच्या हातात चिनी मातीचे. तिच्या आजीला आमच्या घरी करवंटीत चहा मिळे, तिच्या आईला गोठ्यातल्या खिळ्यावर टांगलेल्या स्टीलच्या पेल्यात. कागदी कप मीच आणले होते, स्वच्छ म्हणून. तीस वर्षं इंग्रजी शिकवलेल्या मला 'इथेही टोप एकच' एवढ्या एका वाक्याचं भाषांतर करायला बराच वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी सगळ्यांनाच कागदी कपात चहा दिला. स्वतःलाही. "कपां धुवक माका आता जमणा नाय," असं जाहीर करून टाकलं. चूक मान्य करण्याची त्यांची ही पद्धत. दोन दिवस आम्ही सगळे लग्नाच्या पंगतीला आल्यासारखे कागदी कप घेऊन बसलो. तिसऱ्या दिवशी काजूवालीनेच कंटाळून सांगितलं, "चायेक कागदाची चव लागता. माका कपात दी." सासूबाईंनी पुटपुटत दिला. तो मी धुतला.

पाहुणी निघाली तेव्हा शेजारणीने राग विसरून तिला क्रीमची नवी ट्यूब भेट दिली. "किती वर्षं लावताय?" पाहुणीने विचारलं. "वीस." "मग?" शेजारणीने स्वतःचे हात उलटसुलट करून बघितले आणि म्हणाली, "अजून थोडे दिवस लागतले."

मी स्टेशनवर सोडायला गेले. फलाटावर दोन गोरे परदेशी तरुण उघड्या अंगाने पाय पसरून बसले होते. त्यांना ओलांडून एक पोलीस थेट आमच्याकडे आला आणि पाहुणीकडे पासपोर्ट मागितला. पान न् पान बघू लागला.

"साहेब, त्या दोघांचेही बघा ना," मी म्हटलं.

"त्यांचं वेगळं आहे. तुम्ही कोण?"

"मी यांची यजमानीण. हवं तर माझं आधार कार्डही बघा. रंग जुळतो."

त्याने माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. तोही काही गोरा नव्हता. पासपोर्ट परत केला, आणि गाडी आल्यावर न सांगता तिची बॅग डब्यात चढवून दिली.

गाडी सुटल्यावर कळलं, पोलिसाशी मी जन्मात पहिल्यांदा वर तोंड करून बोलले होते. बाकावर बसून अर्धी बाटली पाणी प्यायले आणि मगच रिक्षा बघायला उठले.