फटबाई आणि पंख्याची भट्टी

पहाटे पावणेपाचला तिचा दिवस सुरू व्हायचा. गजर कधी लावावा लागला नाही. सहाला कपबशांच्या कारखान्याचं फाटक बंद व्हायचं, आणि बंद फाटकाबाहेर उभं राहून आर्जवं करणं तिला मंजूर नव्हतं. एकतीस वर्षं ती भट्टीच्या गाड्यावर कच्चा माल रचत होती. पहिल्या भाजणीच्या वेळी कपांवर चकाकी चढवलेली नसते, त्यामुळे ते एकमेकांना टेकले तरी चालतात. कपात कप, वाटीत वाटी, उरलेल्या कोपऱ्यात झाकणं. रिकामी जागा म्हणजे फुकट गेलेलं जळण. गाडा आत ढकलण्याआधी ती त्याच्याभोवती एक चक्कर मारायची आणि ओरडायची, "फट कुणी ठेवली रे?"

म्हणून तिचं नाव पडलं फटबाई. खरं नाव पगाराच्या कागदावर राहिलं.

निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. नवरा त्याच्या आधीच गेला. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ती एकटी राहायची आणि कुणाच्या अध्यातमध्यात नव्हती. पण गेल्या दोन महिन्यांत दोनदा गॅस चालू राहिला. दोन्ही वेळा समोरच्या दारातली शेजारीण वासावरून धावत आली. ही शेजारीण घरीच कपडे शिवायची. दुसऱ्या वेळी तिने तोंडातली टाचणी बाजूला काढली आणि सरळ फटबाईच्या मुलाला फोन लावला.

मुलगा लिफ्ट दुरुस्त करायचा. तो आला, सिलिंडर खांद्यावर टाकून खाली घेऊन गेला आणि परत येताना एक खोकं घेऊन आला. खोक्यातून ओव्हन निघाला. काचेचं दार, तीन बटणं, आत मागच्या बाजूला जाळीआड पंखा.

"आई, महिनाभर यावर स्वयंपाक करून बघ. चहाला किटली आहेच. जमलं तर खुशाल राहा इथे. नाही जमलं तर आमच्याकडे यायचं. मग कटकट करायची नाही."

"आणि या खोल्या?"

"त्यांचं मग बघू."

ते 'मग बघू' तिला घासात खडा लागावा तसं लागलं.

"निवडला कुणी हा डबा?"

"तुझ्या सुनेने."

"वाटलंच," फटबाई म्हणाली.

मुलगा गेल्यावर तिने ओव्हन चारी बाजूंनी पाहिला. हलवून पाहिला. दार दहा वेळा उघडलं, मिटलं. एवढ्याशा दाराने ऊब कशी धरायची? कारखान्यातल्या भट्टीचं दार दोन माणसांना रेटावं लागायचं. आणि विस्तवाला पंखा कशाला हवा? सगळा मामला तिला संशयाचा वाटला. जमू नये म्हणूनच दिलाय, असं तिच्या मनाने घेतलं.

तरी तिने कामाला हात घातला. बटाटे चिरले, कांदे चिरले, कोंबडीच्या दोन तंगड्यांना मीठ-मिरपूड चोळली. ट्रे भरला तो तिच्या पद्धतीने. तंगडीला बटाटा टेकलेला, बटाट्याला कांदा, मधल्या भोकांत लसणाच्या पाकळ्या. खालच्या जाळीवर वांगी ठासली. बोट घालायला जागा ठेवली नाही. एकशेऐंशी अंश, पंचेचाळीस मिनिटं. घंटा वाजली तेव्हा वरचे कांदे काळे पडले होते, आणि मधले बटाटे पांढरेफटक, पावसात भिजलेल्या पायांसारखे. तंगडीचा सांधा उघडला तर आत लाल.

दुसऱ्या दिवशी तिने वेळ वाढवला. वर कोळसा, मध्ये कच्चं. तिसऱ्या दिवशी आच वाढवली. तेच. चौथ्या दिवशी तिने पाव आणि केळी खाल्ली.

"मावशी, जमतंय का?" शेजारणीने दारातून विचारलं.

"सुनेने मुद्दाम बिघडलेला दिलाय."

"अहो, सून आहे तुमची, वैरीण नाही."

"फरक तू सांग मला."

शेजारीण हसली. फटबाई हसली नाही. त्याच सकाळी तिने खिडकीतून पाहिलं होतं. मुलगा रस्त्याच्या पलीकडे उभा. सोबत एक अनोळखी माणूस, बगलेत मोजपट्टी. मुलगा बोट वर करून तिच्याच खिडकीकडे दाखवत होता. मग दोघे निघून गेले. वर आला नाही, हाक मारली नाही. माणूस दलाल असणार, एवढं कळायला तिला कुणाची शिकवणी नको होती. महिना संपायच्या आत गिऱ्हाईक बघणं चाललंय.

त्या रागाने ती पुन्हा ओव्हनसमोर बसली. कारखान्यातही भट्टीवरच्या काट्यावर कुणी भरवसा ठेवत नसे. भट्टीच्या कोपऱ्याकोपऱ्यात मातीचे छोटे शंकू ठेवत. कोणता शंकू किती वाकला, त्यावरून खरी आच कळे. तिच्याकडे शंकू नव्हते. पाव होता. तिने जाळीवर पावाचे काप कडेला कड लावून बसवले आणि आठ मिनिटं लावली. उठून कपडे वाळत घालायला गेली.

दार धडाधड वाजलं. "मावशी, पाव जळतोय! माझ्या खोलीपर्यंत वास आलाय!"

फटबाईने ओव्हन उघडला. खोलीत धूर होता. तिच्या नाकाला काहीच लागलं नाही. लागत नव्हतंच, दोनेक वर्षं झाली असतील. ही गोष्ट तिने कुणालाही सांगितली नव्हती.

"लक्ष नव्हतं माझं," ती म्हणाली.

शेजारीण तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली, मग गेली.

कडेचे काप काळे, मधले पांढरे. डावीकडचा मागचा कोपरा सगळ्यात जहाल. एवढी माहिती मिळाली. तिने पुन्हा लावायचं ठरवलं, पण पाचच काप उरले होते. तेवढेच ठेवले, एकमेकांपासून लांब लांब. या वेळी ती जागची हलली नाही. स्टूल ओढून काचेसमोर बसली. भट्टीच्या दारालाही डोळा असायचा, काच लावलेलं भोक, आणि भाजणी तिथूनच बघायची असायची. पाचही काप एकसारखे पिवळे झाले, मग तांबूस. मधलासुद्धा.

तिने पाचही काप बाहेर काढून उलटेपालटे करून पाहिले. पंखा वारा फिरवत होता, आणि चार दिवस हिने त्याच्या सगळ्या वाटा बुजवल्या होत्या.

"फट," ती मोठ्याने म्हणाली. घरात कुणी नव्हतं ते बरं होतं.

पुढचे तीन आठवडे तिने नोकरीसारखं काम केलं. ट्रे अर्धा भरायचा. अर्ध्या वेळाला फिरवायचा. घंटा होईपर्यंत स्टूल सोडायचं नाही. बटणाभोवती तिने पांढरी चिकटपट्टी लावली आणि छापील आकड्यांऐवजी आपल्या खुणा केल्या: अंडी, मासा, बटाटे, तंगडी. अर्ध्या रिकाम्या ट्रेला वीज जाळताना तिचा जीव तुटायचा. पण जेवण होत होतं.

महिना भरला त्या रविवारी मुलगा एकटाच आला. तिने दोन घाण्यांत कोंबडी आणि बटाटे भाजले, टोमॅटो वेगळे. मुलाने पहिली तंगडी मुकाट्याने संपवली आणि दुसरीला हात घातला.

"दलालाला काय सांगितलंस?" तिने विचारलं.

"कुठला दलाल?"

"खिडकीकडे बोट दाखवत होतास तो. पट्टीवाला."

मुलाचा घास हातातच राहिला. "तो माझ्याबरोबर कामाला आहे. लिफ्टच्या दाराची मापं घ्यायला चाललो होतो." त्याने घास ताटात ठेवला. "मी रोज तिथून जातो, आई. सातच्या आत खिडकी उघडली असेल तर पुढे जातो. तो विचारत होता की रोज काय बघतोस वर."

"आणि नसती उघडली तर?"

"तर वर आलो असतो."

फटबाईने त्याच्या ताटात बटाटे वाढले. नको म्हणाला तरी वाढले.

"मला वास येत नाही," ती म्हणाली. "गॅसचाही नाही."

"माहीत आहे."

"कसं काय?"

"गेल्या थंडीत आमच्याकडे दूध करपून पातेल्याला लागलं होतं. पोरं नाक धरून बाहेर पळाली. तू म्हणालीस, अगं सूनबाई, चहा छान उकळलाय वाटतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तू मान्य केलं असतंस?"

मुलगा उठला, ओव्हनचं दार उघडून आत डोकावला, चिकटपट्टीवरच्या खुणा वाचल्या. "राहा इथेच," तो म्हणाला. "काचेतून दिसतं, घंटा वाजते, वेळ झाली की आपोआप बंद होतो. म्हणूनच तिने हा निवडला. दुकानात तास घातला तिने, घंटा वाजवून वाजवून."

फटबाईने सुनेबद्दल चांगलं काही तोंडातून काढलं नाही. एवढंच म्हणाली, "पुढच्या रविवारी तिलाही आण."

मग मुलाने सवयीने भिंतीतल्या प्लगला हात लावला आणि झटकन मागे घेतला. प्लग तापला होता. जुनी बारीक तार, दिव्यांपुरती. या ओव्हनला वेगळी जाड तार हवी, तो म्हणाला, खालच्या मीटरपासून थेट वर.

"मी करून देतो."

"तू लिफ्टचा माणूस. वायरमन बोलव. पैसे माझे."

वायरमन आला तेव्हा ती स्टूल घेऊन त्याच्या मागे बसली. "तार कापून आतलं तांबं दाखव आधी," ती म्हणाली. त्याने दाखवलं. तिने चष्मा लावून पाहिलं, नखाने खरवडून पाहिलं. "मावशी, विश्वास नाही का?" त्याने विचारलं. "नाही," ती म्हणाली. संध्याकाळी काम संपलं. कारखान्यातून निघताना हातात आलेल्या रकमेतला शेवटचा भाग तिने कधी मोडला नव्हता. तो त्या दिवशी भिंतीतल्या जाड तांब्याच्या तारेला आणि एका मोठ्या प्लगला गेला.