व्हिलनचे तीन अर्थ

शेगावच्या वाचनालयात मी रोज पेपर वाचतो. बाजाराच्या दिवशी तिथे सोनाळ्याची एक बाई यायची. शाळेत इंग्रजी शिकवून रिटायर झालेली, आता घरच्या मळ्यात टमाटे लावायची. दाराशी चप्पल काढायची आणि तीन डिक्शनऱ्या टेबलावर ओळीनं उघडायची. शब्द दरवेळी एकच, व्हिलन. टमाट्याच्या पाल्यानं हिरवीकाळी झालेली बोटं ती त्या ओळींवर अशी दाबायची, जणू कुणाचा गळाच धरलाय.

एकदा मी विचारलंच. ती उसळली. "सगळ्यात जुनीत व्हिलन म्हंजे शेतावर राबणारा गावकरी. दुसरीत अडाणी, गावंढळ. अन् या नवीत नुसता बदमाश! आपल्याच माणसाची शिवी केली हो यायनं!"

परवा ती आली, तेव्हा ग्रंथपाल दोन्ही जुन्या डिक्शनऱ्या रद्दीवाल्याच्या पोत्यात टाकत होते.

"काऊन हो साहेब?" तिनं पोतंच धरलं.

"पानं मळली ना, ताई. नवीत अर्थ आहे की."

"म्हंजे शिवी कपाटात ठेवता, अन् ज्याची केली त्याले रद्दीत घालता?"

ग्रंथपालांनी तिच्या बोटांकडे पाहिलं आणि माझ्याकडे वळून हसत पुटपुटले, "गावंढळ कुठले!"

पण तिनं ते ऐकलं होतं.

"दुसऱ्या डिक्शनरीपर्यंत पोचले साहेब तुमी," ती म्हणाली. "आता तिसरीतलंही म्हणून टाका. उभीच हाओ मी."