जीपमधली हवेची टाकी

उजनीच्या काठावर आक्काचं गाव. धरणाचं पाणी मागं सरलं की तिच्या घराकडं जाणारी वाट म्हणजे नुसता गाळ. माझी जुनी जीप तिथं रुतली नाही असं एक वर्ष नाही. मग दाजी ट्रॅक्टर आणायचे, दोर बांधायचे आणि आमची वरात गावातून आक्काच्या दारात. मागं पोरंटोरं, जीपमध्ये पदर सावरून बसलेली बायको. गेल्या जत्रेहून सोलापुरात परत आल्यावर तिनं सांगून टाकलं, "पुन्हा एकदा जरी ओढून न्यावी लागली, तर ही जीप विकायची."

तिचं चुकत नव्हतं, म्हणूनच मला जास्त राग आला. त्या जीपवर माझा फार जीव. ती दारातून गेली असती तर मला आठवडाभर अन्न गोड लागलं नसतं.

गाळातून जायचं तर टायरची हवा निम्मी करायची, म्हणजे टायर पसरतं आणि रुतत नाही, एवढं मला माहीत होतं. पण गाळ ओलांडल्यावर ती हवा परत भरायची कुठून? पंक्चरवाला थेट हायवेच्या फाट्यावर. तेव्हा ठरवलं, हवा गाडीतच ठेवायची. भंगारातून ट्रकच्या एअरब्रेकची, हवा साठवायची टाकी आणली. गॅरेजचा मिस्त्री म्हणाला, आधी पाण्याचा दाब देऊन तपासतो.

"अहो, हवा भरायचीय. पाणी कशाला?" मी तापलो.

"साहेब, पाणी भरून फुटली तर पाणी सांडंल. हवा भरून फुटली तर तुम्ही सांडाल."

मी पाण्याची बादली आणून दिली. टाकी मागच्या सीटखाली बसली, बॅटरीवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर बॉनेटखाली. सांध्यांना साबणाचा फेस लावून बघितला, एक बुडबुडा नाही. बायको दारातूनच म्हणाली, "झालं तुमचं? आता तिला हळदकुंकू लावा."

या जत्रेला गाळाच्या तोंडाशी उतरून मी चारही टायरची हवा सोडली. पलीकडं दाजी ट्रॅक्टरवर बसून वाटच बघत होते. दोर काढून ठेवलेला. जीप हळूहळू, न थांबता, त्यांच्या शेजारून निघून गेली.

"पाव्हणं, आरं दोर तरी बांदू द्या की," दाजी म्हणाले. त्यांचं तोंड एवढंसं झालं होतं. मला मनातून लई बरं वाटलं.

जेवणं उरकल्यावर मीच शेखी मिरवली. दाजींच्या मोटारसायकलला हवा भरून दाखवली. झालं, सगळी आळी गोळा. मोटारसायकली, फवारणीचा पंप, ट्रॅक्टरचं पुढचं चाक. शेजारची सून स्कूटी ढकलत आली, तशी बायको उठली आणि माझ्या हातातून नळी घेतली. "सरका, मी भरते." मग ती काही उठेना. काटा बघायची, आकडा सांगायची, रांग मोडणाऱ्याला दटावायची. मी दोनदा म्हणालो, आता पुरे. ती म्हणाली, "लोक खोळंबलेत."

परतताना गाळ पार करून डांबरीवर आलो. मी नळी लावली. टाकीचा काटा शून्यावर. बटण दाबलं, कॉम्प्रेसर गप्प. चारही टायर बसलेली, सोलापूर शंभरेक किलोमीटर. माझं डोकंच फिरलं. फोन काढला आणि म्हणालो, "बोलावतो दाजींना. नेऊ देत ओढून. आणि उद्या विकून टाकू, मिटला विषय."

तिनं फोन माझ्या हातातून काढून घेतला.

"दाजींना काही बोलवायचं नाही. दुपारभर चालवलंय मी ते मशीन, तापलं असंल. थंड होऊ दे."

आम्ही रस्त्याच्या कडेला केळीच्या बागेजवळ बसलो. अर्ध्या तासानं कॉम्प्रेसर घरघरला. एक टायर भरलं की थोडं थांबायचं, मग दुसरं. तीन टायर झाली. चौथ्याला नळी लावून ती काट्याकडं बघत बसली होती. वर न बघताच म्हणाली, "टाकी लहान घेतलीत तुम्ही. त्या मिस्त्रीला सांगा, पुढच्या जत्रेच्या आत मोठी बसवायची."

मी बरं म्हणालो.