साडेचार जीबीची छकडी

एकोडीच्या भय्याजींचा वीरेंद्र पुण्याहून बिऱ्हाड घेऊन परत आला, तेव्हा गावात एकदम तीन बातम्या निघाल्या. पहिली, कंपनीने त्याला काढलं. दुसरी, त्यानेच कंपनीला काढलं. तिसरी बातमी परसरामची, आणि ती खरी असायचा धोका होता. कारण लाखनीला हायवेवर परसरामचं खताचं दुकान आहे आणि त्या दुकानाच्या माडीवरचीच खोली वीरेंद्रने घेतली होती.

"पोट्टा गेम बनवते म्हणते," परसराम प्रत्येक गिऱ्हाइकाला युरियाच्या पोत्यासोबत हे फुकट द्यायचा. "बत्तीस वर्षांचा पोट्टा! मी सहावीत गेम खेळलो तं गुरुजीनं कान पिळला होता. ह्याले बायको काहीच नाई म्हणत."

हे मात्र खोटं. बायको, म्हणजे रुपा, पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "दोन वर्षं देतो तुमाले. तेवढ्यात काही दिसलं पायजे. मले नाई दिसलं तरी चालते, मामाजीले दिसलं पायजे." मामाजी म्हणजे तिचे सासरे, भय्याजी. रुपा हुशार. परीक्षा कोणाच्या हातात आहे हे तिने आधीच ओळखलं होतं.

गेम कशाचा, तर शंकरपटाचा. बैलजोडी, छकडी, मैदान, धुरळा, घड्याळ. ज्याची जोडी कमी सेकंदात पोचेल तो जिंकला. ह्यात कोणालाच खोट काढता येईना, आणि खोट काढता येत नाही म्हणून गाव चार दिवस फार बेचैन होतं.

त्यात भय्याजी म्हणजे पटातलं मोठं नाव. जोडी त्यांची कधीच नव्हती. ते छकडी बांधतात. पटाची छकडी शेतातल्या गाडीसारखी नसते. दोन चाकं, एक दांडी, जू आणि हाकणाऱ्याला बूड टेकवायला वीतभर पाटी, संपलं. भय्याजींची छकडी एका हाताने उचलता येते. एकदा एका हौशी मालकाने तिच्यावर पितळेची घुंगरं ठोकली, तर ह्यांनी भर मैदानात पक्कड घेऊन एकेक घुंगरू उपटलं आणि मालकाच्या हातावर ठेवलं. "हे तुमच्या गळ्यात बांधा," म्हणाले, "धावाले तं बैल हाये."

अशा माणसाच्या पोटी वीरेंद्र जन्माला आला. देवालाही गंमत करावीशी वाटते.

पूर्वी म्हणे लोक गेम लिहायचे, हल्ली जमवतात. वीरेंद्रने आल्या आल्या एक मोठं फ्रेमवर्क उतरवून घेतलं. फ्रेमवर्क म्हणजे तयार माल. तुम्हाला पाहुण्यासाठी एक खुर्ची हवी आहे आणि तुम्ही बिछायत केंद्राला फोन केला, असा तो कारभार. खुर्ची एकटी येत नाही. तिच्यासोबत मंडप येतो, मंडपासोबत खांब, खांबांसोबत खड्डे खोदणारी माणसं, त्या माणसांसाठी आचारी. आणि शेवटी पाहुणा उभाच, कारण खुर्चीवर आचारी बसलेला.

वीरेंद्रच्या फ्रेमवर्कमध्ये समुद्र होता. बर्फ होता. बंदुका होत्या, विमानं होती, चौदा भाषांत भांडायची सोय होती. एकोडीच्या पटात विमानाचं काय काम, असं रुपाने विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "वापरायचं नाही गं. असू दे. फुकट आहे." पुण्यात पाच वर्षं राहून त्याची भाषा अशी इस्त्रीची झाली होती.

"फुकट हाये म्हणून माझ्या मायनं एक पाळीव माकड घेतलं होतं," रुपा म्हणाली आणि शिलाईच्या क्लासला निघून गेली.

दीड वर्ष असं गेलं. माडीवर वीरेंद्र, खाली परसराम. वर काय चाललंय ते परसराम पंख्याच्या आवाजावरून ओळखायचा. लॅपटॉपचा पंखा गावातल्या मळणी यंत्रासारखा घुमायला लागला की तो गिऱ्हाइकाला म्हणायचा, "बैल धावून राहिले वाटते."

पौषात एका सकाळी पट समितीची मंडळी एकोडीच्या चौकात जमली, आणि वीरेंद्रने गेम दाखवायचं ठरवलं. पहिल्या तीन फोनांनी 'जागा नाही' असं सांगून हात जोडले. चौथ्याने जागा दिली, पण साडेचार जीबी उतरायला त्याला जेवणाची वेळ झाली, आणि मग तो इतका तापला की मालकाने तो गमछ्यात गुंडाळून बाजूला ठेवला. शेवटी वीरेंद्रने लॅपटॉपच उघडला. आधी फ्रेमवर्कचं चिन्ह आलं. मग दुसऱ्या कोणाचं चिन्ह. मग 'लॉगिन करा'. मग 'अपडेट करा'. मंडळींनी एकेक चहा घेतला. मग एकदाचे बैल आले.

मंडळी स्क्रीनवर वाकली. काही क्षण सगळेच शिष्टाचार पाळत होते.

"वीरेंद्र," परसराम अतिशय गोड आवाजात म्हणाला, "ह्यायचं वशिंड कुठं गेलं बापा?"

खरंच, वशिंड नव्हतं. सपाट पाठीचे, पिळदार, विलायती बैल. तयार मालातले. ज्याने कोणी ते बनवले त्याच्या देशात बैलाला वशिंड नसतं, आणि ज्याने ते घेतले त्याच्या डोक्यात दीड वर्षात ते आलं नाही. गावात वाढलेल्या माणसाची एवढी एकच गोष्ट बघायची राहिली होती. वशिंड नाही म्हणून जू टिकेना. बैलांनी धाव घेताच ते घसरत घसरत शिंगांवर आलं आणि बैल जू डोक्यावर घेऊन, नवरदेवाच्या बाशिंगासारखं मिरवत, पळाले.

हसणं इतकं झालं की शेजारच्या गोठ्यातली खरी जोडी उठून उभी राहिली.

भय्याजी तेवढे हसले नाहीत. त्यांनी खिशातून आपला फोन काढला. काच तडकलेली, मागे रबर लावलेलं. सगळ्यांच्या देखत म्हणाले, "पट माघात हाये. त्या दिवशी तुया बैल माया ह्या फोनवर धावला पायजे. धावला तं मी जलमभर तुले काही म्हणणार नाई. नाई धावला तं दुसऱ्या दिवसापासून तू ताराचंदमामाच्या राइस मिलवर. माडी खाली कर."

ताराचंदमामा लगेच म्हणाला, "कोंड्याकडे माणूस पायजेच हाये." मामांना अशा वेळी वेळेचं भान फार असतं.

वीरेंद्र हुशार माणूस. त्याने संकटावर हुशार माणसाचा उपाय केला, म्हणजे आणखी सामान मागवलं. वशिंडासाठी एक प्लगिन आणलं. त्याने वशिंड दिलं, पण ते थुलथुल हलायला लागलं, म्हणून हलणाऱ्या मांसाचं दुसरं प्लगिन आणलं. त्याला वारा लागत होता, म्हणून हवामानाचं तिसरं. एका दुपारी रुपा डबा घेऊन माडीवर आली, तर एकोडीच्या मैदानावर बर्फ पडत होता.

"तुमच्या बैलाले थंडी वाजून राहिली," एवढंच ती म्हणाली आणि डबा ठेवला. गेम आता साडेपाच जीबी झाला होता. पटाला बारा दिवस होते.

त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. कोंड्याचा वास आताच यायला लागला होता. उरलेला डबा उचलून तो एकोडीला गेला. अंगणात भय्याजी ह्या वर्षाची छकडी आवरत होते. आवरत म्हणजे कमी करत. एक खुंटी काढायची, दांडी धरून हलवायची, कान लावायचा. चाक कुरकुरलं नाही तर खुंटी गेली कायमची.

"बाबा, वजन कमी होत नाही," वीरेंद्र म्हणाला.

"आण अठी. काय काय भरलं हाये, वाच."

वीरेंद्रने लॅपटॉप उघडून यादी वाचायला सुरुवात केली. तीनशे बारा नावं होती. भय्याजी खुंट्या तपासता तपासता प्रत्येक नावाला एकच प्रश्न विचारत राहिले. "हे काढलं तं चाक निखळते का?"

"बर्फ?"

"नाही निखळत."

"मंग काढ न."

वीरेंद्रने बर्फ काढला. गेम उघडेना. आभाळही त्याच पोतडीतून आलेलं होतं. बर्फ परत घातला आणि समुद्र काढला. बैल गुडघ्यापर्यंत जमिनीत रुतले, कारण फ्रेमवर्कच्या हिशोबी एकोडीचं मैदान हा समुद्राचा तळ होता. बंदुका काढल्या, तर चाबूक गेला. भांडायची सोय काढली, तेव्हा घड्याळच थांबलं. का, ते वीरेंद्रलाही सांगता येईना.

"तुले नाई मालूम?"

"ते आतलं असतं बाबा. आपण बनवलेलं नाही."

भय्याजींनी हातातली खुंटी खाली ठेवली. वाढून न जेवता सोडलेल्या ताटाकडे बघावं तसं त्यांनी मुलाकडे पाहिलं. "मंग तू काय बनवलं?"

ह्या प्रश्नाला अभियांत्रिकीच्या चार वर्षांत उत्तर शिकवत नाहीत. वीरेंद्रने ती खुंटी उचलून हातात घेतली. मग खालच्या आवाजात म्हणाला, "जमवलं."

"मोड ते," भय्याजी म्हणाले. "बिछायत परत पाठव. दोन चाकं आन् एक दांडी, तेवढीच बांध. येते न?"

येत नव्हतं. हीच तर गोम. ज्याने पाच वर्षं पुण्यातल्या एसीत बसून गेम 'बनवले', त्याला कोऱ्या स्क्रीनवर एक साधा चौकोन हलवायचा कसा, हे आठवेना. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला ते येत होतं. ती वही घरात शोधायला सुरुवात झाली. कपाटात नाही, माळ्यावर नाही. अखेर आईने, चंद्रभागाबाईंनी, जागेवरून न उठता सांगितलं, "मशीनखाली पाह्य."

वही गेली दहा वर्षं रुपाच्या, आणि तिच्याआधी चंद्रभागाबाईंच्या, शिलाई मशीनच्या डगमगत्या पायाखाली होती. वीरेंद्रच्या शिक्षणाचा घराला झालेला तेवढाच एक आधार. ती काढली आणि मशीन डुगडुगायला लागली, म्हणून रुपाने त्या जागी फ्रेमवर्कचं जाडजूड छापील पुस्तक सारलं. नेमकं बसलं.

मग नऊ दिवस परसरामला खाली पंख्याचा आवाज आला नाही. त्याने बातमी सोडली की पोट्टा पुण्याले पळाला. पोट्टा वरच होता. पहिल्या दिवशी चौकोन उमटला. दुसऱ्या दिवशी हलला. तिसऱ्या दिवशी उलटा हलला. मग चौकोनांचा बैल झाला, आणि त्याच्या पाठीवर वीरेंद्रने स्वतःच्या हाताने, मोजून पाच ठिपक्यांचं वशिंड ठेवलं. जू त्यावर अडलं. घसरलं नाही. तो खुर्चीवरून उठला आणि खिडकीतून खाली ओरडला, "काका, वशिंड बसलं!" खाली परसरामकडे धानाच्या बियाण्याची चौकशी करणाऱ्या बाई घाबरून दुकानाबाहेर गेल्या.

एवढ्या दिवसांत त्याची भाषाही इस्त्री मोडून पूर्वीसारखी झाली, हे रुपाने टिपलं. पण बोलली नाही. चांगलं चाललेलं असताना ती बोलत नाही.

पटाच्या दिवशी मैदानावर एवढी गर्दी की फोनांचं नेटवर्क सकाळीच आडवं झालं. समितीची मंडळी मुद्दाम भय्याजींच्या भोवती जमली. ताराचंदमामाही आला होता, मिलची चावी बोटावर फिरवत. भय्याजींनी फोन काढला. त्यात 'शुभ सकाळ'ची गुलाबं आणि भजनं इतकी भरलेली, की तीन एमबी जागा उरली होती.

"किती लागते?" परसरामने विचारलं.

"दोन," वीरेंद्र म्हणाला.

"दोन जीबी?"

"दोन एमबी."

त्याने आपल्या फोनमधून तो गेम बापाच्या फोनमध्ये सरकवला. नेटवर्क लागलं नाही. भय्याजींनी अंगठा लावला. चिन्ह नाही, लॉगिन नाही. अंगठा उचलायच्या आत बैल धावत सुटले. चौकोनी बैल, ठिपक्यांची छकडी, मागे तीन रेघांचा धुरळा. जू जागेवर. बैल रेषेपार गेले, घड्याळ थांबलं, आणि त्यांनी कोणाकडे न बघता परत अंगठा लावला.

ताराचंदमामाने चावी खिशात घातली.

दुपारपर्यंत तो गेम एका फोनातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात गेला. लाखनीचे ट्रकवाले तो पुढे घेऊन गेले. आणि तिसऱ्या प्रहरी मागण्या सुरू झाल्या. परसरामला मैदानाच्या कडेला आपल्या दुकानाची पाटी हवी होती. समितीला अध्यक्षांचा फोटो. मामाला शिट्ट्या. वीरेंद्र सगळ्यांना शांतपणे एकच विचारत होता, "हे नसलं तं चाक निखळते का?" लोक चडफडत परत जात होते.

शेवटी भय्याजी आले. जवळ बसले. खाकरले.

"सगळं बराबर हाये," म्हणाले. "फक्त एक. हाकणाऱ्याले मिशी पायजे. माझ्यासारखी."

"बाबा! घुंगरं उपटणारे तुमी! मिशी नसली तं चाक निखळते का?"

भय्याजींनी मिशीला पीळ दिला आणि अत्यंत गंभीरपणे, पन्नास वर्षांच्या अनुभवाने सांगितलं, "निखळते."

वीरेंद्रने बापाकडे पाहिलं, रुपाने पदर तोंडाला लावला. मग तिथेच, मैदानाच्या कडेला छकडीवर टेकून, त्याने लॅपटॉप उघडला आणि चार ठिपके घातले. दोन डावीकडे, दोन उजवीकडे. पाचवा मागायची भय्याजींची तयारी दिसत होती, पण त्याने झाकण लावून टाकलं.